दोऱ्याचा एकच गुंडा

बाईंची छत्री एका बाजूनं कायम खाली झुकलेली असायची. तिची एक काडी त्यांनी स्वतःच उपटून काढली होती आणि फरशीवर घासून घासून तिच्या टोकाला आकडा केला होता. तीच त्यांची क्रोशाची सुई. पावसाळ्यात डावा खांदा भिजायचा, तर तो भिजू द्यायच्या. कुणी म्हटलं, बाई, छत्री नीट करून घ्या ना, तर म्हणायच्या, "छत्री धडच हाये. तिची एक काडी कामावर गेली हाये फक्त."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आम्ही पुलगावला राहायचो, वडील पोस्टात होते. बाई नाचणगावच्या. आमच्या घरापासून चालत अर्धा-पाऊण तास. रेल्वेच्या एका साहेबाची मुलं सांभाळायला त्या रोज पुलगावला यायच्या. त्यांची आईही ह्याच कामावर होती, जुन्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर. तिथल्या मडमेनं ह्या चिमुरडीच्या हातात क्रोशा दिला आणि पुढे टॅटिंगही शिकवलं. मडम विलायतेला गेली तेव्हा जाताना आपलं टॅटिंगचं शिंगाचं शटल बाईंना देऊन गेली. बोटभर लांबीची, दोन्हीकडे निमुळती अशी ती वस्तू. गिरणीच्या मागावर धोटा असतो ना, त्याचं पिल्लू म्हणा. बाई तिला 'धोटी' म्हणत आणि कमरेच्या चंचीत पानसुपारीबरोबर ठेवत. त्यामुळे धोटीला कायम काताचा वास यायचा.

पण बाईंची खरी तऱ्हा वेगळीच होती. त्यांच्याकडे दोऱ्याचा एकच गुंडा होता. कधी काळी पांढरा असलेला, आता ताकाच्या रंगावर गेलेला. ह्या एका गुंड्यातून त्या सगळं करायच्या. उशीच्या अभ्र्याची लेस, दारावरचं तोरण, लहान मुलाची टोपी, दुधाच्या भांड्यावर टाकायची जाळी. वस्तू पुरी झाली की ती गुडघ्यावर पसरायची, तळव्यानं सारखी करायची, एक कप चहा पिऊन होईल इतका वेळ बघत बसायचं. मग टोक शोधायचं आणि ओढायचं. सर्रकन सगळं उसवून परत गुंडा. उसवलेल्या दोऱ्याला वळ्या पडतात, म्हणून तो उलट्या पाटाच्या पायांना गुंडाळून पाणी मारून वाळत ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी नवी वस्तू.

माझं पहिलं फूल त्यांनी असंच उसवलं. सहा पाकळ्यांचं होतं. तीन दिवस लागले होते मला. मी रडायलाच लागले, तर बाई गोंधळल्या. त्यांना खरोखरच कळेना की रडण्यासारखं झालं काय.

"हाताले आलं का नाई?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"मंग वस्तू कायले पाह्यजे?"

एका गुंड्यावर एकच पोरगी शिकू शकते, असा त्यांचा हिशेब होता. त्या वर्षी ती पोरगी मी होते. माझ्या आधी त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. हे पुढे फार महागात पडलं. मला नाही, त्यांना.

मी त्यांच्याकडे जायला लागले ते आईमुळे. आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे आले की चिवड्याच्या बशांशेजारी मुलीचं हातकाम मांडून ठेवायची रीत होती. भरतकाम, क्रोशा, मण्यांचं काही. ज्या घरी काहीच नसे, ते शेजारून आणत. आमच्या आळीत एक मोराचा टेबलक्लॉथ होता, तो असा तीन घरी मांडून झाला होता. चौथ्या घरी एका पाहुणीनं मोर ओळखला. "हा मोर म्या पह्यले पाह्यला हाये वो," असं ती भर बैठकीत म्हणाली आणि त्या मुलीचं लग्न पुढे दोन वर्षं जमलं नाही. आईनं त्या मोराची धास्ती घेतली होती. एकदा स्टेशनच्या बाकावर साहेबाची पोरं खेळवता खेळवता बाई लेस करत बसलेल्या तिला दिसल्या आणि तिनं मला त्यांच्या गळ्यात बांधलं. बांधलं, पण शेजारीपाजारी काय सांगायचं तेही ठरवून दिलं. मी नाचणगावला मावशीकडे जाते म्हणायचं. नाचणगावला आमची कुणीही मावशी नव्हती.

कारण सांगायलाच हवं का? बाईंची वस्ती गावाबाहेर होती. आदल्या दसऱ्याला त्या नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्या होत्या. त्याआधी आमच्याकडे काही निरोप घेऊन आल्या तर मागच्या पायरीशी उभ्या राहायच्या. दीक्षेनंतर पहिल्यांदा आल्या त्या पांढरं पातळ नेसून, पुढच्या दारानं, आणि सरळ वडिलांच्या खुर्चीवर बसल्या.

"पाणी देजो वो," आईला म्हणाल्या.

आईनं पितळेच्या पेल्यातून पाणी दिलं. काय करणार? बाई सावकाश प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि उठता उठता हसून म्हणाल्या, "राख घेऊन चांगला घासजो आता. कोपऱ्यात मैल राह्यते."

आईनं तो त्या दिवशी दोनदा घासला. मी मात्र त्यांच्या घरी त्यांच्या चटईवर बसून त्यांचा गुळाचा चहा प्यायची आणि स्वतःला फार धीट समजायची. घरी येताना ओठ पुसून यायची, हेही खरं.

वर्ष झालं तरी मी घरी दाखवायला एक फूलसुद्धा आणलं नाही, तेव्हा आईचा धीर सुटला. तिनं वर्ध्याहून नवा कोरा गुंडा मागवला आणि माझ्या हाती देऊन म्हणाली, "त्या बाईले सांगजो, हा उसवाचा नाई. वर्ध्याचे पाहुणे येऊन राह्यले दिवाळीनंतर."

बाईंनी तो गुंडा आधी हुंगला. मग गालाला लावला. नव्या दोऱ्याची त्यांना सवयच राहिली नव्हती. म्हणाल्या, "उसवाचा नाई म्हणते का तुही माय? मंग टॅटिंगच करू. थे उसवतच नाई."

तोवर त्यांनी मला टॅटिंग शिकवलं नव्हतं आणि त्याचं कारणही हेच होतं. क्रोशा म्हणजे एकात एक अडकवलेले फास, टोक ओढलं की मोकळे. टॅटिंग म्हणजे सगळ्या गाठीच. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोरा घ्यायचा, उजव्या हातातली धोटी त्याच्या खालून-वरून फिरवायची आणि अशा गाठी ओळीनं बसवून दोरा ओढला की त्यांची एक कडी मिटते. कडीला कडी जोडत जायचं. त्यात एक मेख आहे. गाठ बांधताना ती धोटीच्या दोऱ्यावर पडते, तिला चिमटीत झटका देऊन बोटांवरच्या दोऱ्यावर उलटवावी लागते. नाही उलटली तर दोरा तिथंच आवळतो आणि कडी मिटत नाही. बाई हे इतक्या सहज करत की ती गाठ उलटताना मला कधी दिसलीच नाही.

टेबलावर घालायचा गोल जाळीदार रुमाल करायचं ठरलं. त्याची सुरुवात मधल्या कडीपासून होते. ती माझ्याकडून करवून घेतली. शेवटून तिसरी गाठ उलटली नाही. मी दोरा ओढला, कडी अर्धवट येऊन थांबली. नखाएवढी फट राहिली. मी म्हटलं, कापून टाकू, नवी करू. बाईंनी ती डोळ्यांजवळ नेली, परत लांब धरली.

"राहू दे," म्हणाल्या. "तुह्या हातची पह्यली हाये. आता हिच्याभवतीच बांधा लागते."

आणि त्यांनी बांधलं. चार महिने. साहेबाची पोरं झोपली की, वाटेनं चालता चालता, चुलीवर भात शिजेपर्यंत. मी शेजारी बसून शिकत होते म्हणायचं, पण दिवाळी जवळ आली आणि माझ्या कड्या काही धड मिटेनात, तेव्हा उरलेलं सगळं त्यांनीच केलं. बशीएवढा झाला, मग ताटाएवढा झाला. पुरा झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा तो गुडघ्यावर पसरला, तळव्यानं सारखा केला आणि बघत बसल्या. त्यांची बोटं आपसूक टोक शोधायला लागली, मग थांबली. मला हसू आलं. त्यांनाही आलं.

"पाहुण्यांले दाखवाचा हाये तं दाखवा," त्या म्हणाल्या. "तुह्याच नावानं दाखवा. इचारलं कोणी, तं शिकवलं कोणं ते सांगजो. मले तेवढंच पुरे हाये."

पाहुणे आले. मुलाची आई रुमालाकडे वळली ती फराळाला हात लावण्याआधीच. तिनं तो उलटा करून पाहिला. "पाठ पाह्यली का काम समजते," म्हणाली. पाठ पोटासारखीच स्वच्छ होती. मग तिनं मला जवळ बसवलं.

"कोणी शिकवलं वो तुले, पोरी?"

मी तोंड उघडलं होतं. सांगणार होते की नव्हते, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही. त्याआधीच आई म्हणाली, "कोणी नाई जी. पुस्तकात पाहून शिकली. डोकं चालते तिचं."

मी मान खाली घातली. दाखवायला बसवलेल्या मुलीनं मान खाली घालायचीच असते, म्हणून त्यात कुणाला वावगं दिसलं नाही. मुलाच्या आईनं रुमालाची घडी केली आणि आपल्या पिशवीत टाकली. "हा आता आमच्या घरचा झाला," ती म्हणाली. होकाराची ती तिची पद्धत. आई आत जाऊन देवापुढे साखर ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगायला गेले. रुमाल गेला म्हटल्यावर त्या खूश झाल्या. "पिळू नोका म्हणा त्याले. दाबून पाणी काढाचं अन् सावलीत सुकवाचा." मग धोटी चंचीत ठेवत, माझ्याकडे न बघता विचारलं, "सांगतलं का, कोणं शिकवलं ते?"

मी म्हणाले, "हो."

काय गरज होती? 'नाही' म्हटलं असतं तर बाईंनी फार तर तोंड फिरवलं असतं, दोन दिवस बोलल्या नसत्या. पण मी 'हो' म्हणाले, आणि बाईंनी त्या शब्दावर भार टाकला.

झालं असं की त्याच महिन्यात रेल्वेच्या साहेबाची बदली झाली. बाईंचं काम गेलं. वस्तीतल्या बाकीच्या बाया जायच्या तसं जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात जायचं, हाच रस्ता उरला. कापसातला काडीकचरा वेचायचा, दिवसभर. बाईंना जिनाची भीती वाटायची ती कष्टाची नव्हे. "जिनात बोटं फाटते," त्या म्हणायच्या. "फाटल्या बोटाले दोरा अटकते. मंग हात गेला म्हणून समज." आणि हाताखेरीज त्यांच्याकडे होतं काय? आयुष्यभर केलेली प्रत्येक वस्तू त्यांनी स्वतःच उसवून टाकली होती.

त्याच सुमाराला मुलींच्या शाळेत हातकामाची बाई हवी होती. मीही त्याच शाळेत शिकलेली. बाई अर्ज घेऊन गेल्या. तुमचा नमुना दाखवा, म्हटल्यावर त्यांनी दोरा आणि छत्रीची काडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, सांगा काय करू. तसं नको, कमिटीला मांडून ठेवलेलं काम बघायचं होतं. शिवाय नुसतं काम येऊन काय उपयोग, कुणाला शिकवलं आहे का? बाई म्हणाल्या, शिकवलं ना. पोस्टातल्या बाबूच्या पोरीले इचारा.

शाळेचा शिपाई बोलवायला आला तेव्हा मला सगळं कळलं. आईलाही कळलं. माझा साखरपुडा चार दिवसांवर होता. आई दारापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "वर्धा काही लांब नाई." मुलाच्या आईला एकच गोष्ट दोन रीतींनी ऐकायला मिळाली, तर ती मोराच्या टेबलक्लॉथचीच गत. आणि कुणाच्या चटईवर बसून शिकले, हे कळल्यावर तर बोलायलाच नको. मी चालत शाळेपर्यंत गेले, त्या वाटेत मनाशी दोन्ही उत्तरं म्हणून पाहिली.

मुख्याध्यापिकेला आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांच्या खोलीत त्या होत्या, टोपीवाले सेक्रेटरी होते, आणि भिंतीशी बाई उभ्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा सैल झाला. मोठ्या बाईंनी त्यांचं नाव विचारलं, दौतीत टाक बुडवून लिहून घेतलं, गाव लिहून घेतलं. माझं लक्ष नव्हतं. मी फरशीवरच्या शाईच्या डागाकडे बघत होते.

मग मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "तुझा रुमाल सासरच्यांनी उचलून नेला म्हणे! छान. ह्या म्हणतात, तुला ह्यांनी शिकवलं. खरं का?"

मी म्हणाले, "मी पुस्तकात बघून शिकले."

सेक्रेटरी जरा हसले, त्यांना हेच हवं असावं. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या पुन्हा एकदा विचारतील असं वाटलं, पण त्यांनी टाक पुसून ठेवला. आणि बाई? त्यांनी मला खोटं पाडायला हवं होतं. मधली कडी कशी मिटली नाही, फट कुठं आहे, सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टेबलावरून गुंडा उचलला, सुटलेला दोरा त्यावर नीट गुंडाळला, काडी उचलली.

"मंग तसंच असन, जी," त्या म्हणाल्या.

बाहेर ऊन होतं. त्यांनी छत्री उघडली. डावीकडे झुकलेली ती छत्री फाटकातून बाहेर पडताना मी खिडकीतून पाहिली. मी मागे धावले नाही. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती "बरं केलं" म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून बसली. मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली. पण साखरपुड्याला मी नवं लुगडं नेसले, हसले, सगळं केलं.

लग्नानंतर वर्ध्याला आले तर रुमाल रेडिओवर घातलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला सासूबाई दाखवायच्या. "माह्या सुनेच्या हातचा हाये." चार बायका शिकवा म्हणून मागे लागल्या, त्यांना मी डोळे दुखतात म्हणून सांगितलं. विशीतल्या मुलीचे डोळे! पण रुमाल इतका सुरेख होता की लोकांनी तेही मानलं.

दोन वर्षांनी बाई भेटल्या, वर्ध्याच्या मोटार स्टँडवर. आम्ही देवळीला कुणाच्या तरी बारशाला निघालो होतो. यजमान तिकीट काढायला गेले होते आणि छत्री आधी दिसली, मग बाई दिसल्या. मला पळून जावंसं वाटलं. त्याच समोर आल्या.

"कशी हाये, पोरी? रुमाल पिळत तं नाई ना?"

"नाही बाई."

"जिनात हाये मी आता," त्या म्हणाल्या आणि जणू मी विचारलंच होतं अशा थाटात दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, त्यांत काळं बसलं होतं. "गुंडा देऊन टाकला वस्तीतल्या एका पोरीले. धोटी हाये जवळ. सुपारी ठेवतो तिच्यात."

धोटीत सुपारी राहत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, निदान ते हात हातात घ्यायला हवे होते. तेवढ्यात यजमान आले आणि त्यांनी कोण म्हणून विचारलं. आता साखरपुडा नव्हता, कमिटी नव्हती, आई नव्हती जवळ. माझे यजमान साधे होते, ते मला काहीही बोलले नसते.

मी म्हणाले, "पुलगावच्या आहेत. ओळखीच्या."

बाईंनी हात पातळाच्या पदरात घेतले आणि यजमानांकडे बघून म्हणाल्या, "पोरीचा हात लय चांगला हाये, जावईबापू. जपजा."

मोटारीत यजमान कौतुकानं म्हणाले, "पाह्य, पुलगावात अजून तुह्या कामाचं नाव हाये."

ह्याला आता किती वर्षं झाली, मोजत नाही. सासूबाई गेल्या, यजमान गेले. मागच्या दिवाळीत आवराआवर करताना नातसुनेला ट्रंकेत तो रुमाल सापडला. ती उजेडात धरून बघत राहिली. "आजी, हा तुम्ही केला?"

जन्मभर ह्या प्रश्नाला मी मान खाली घालून उत्तर दिलं. ह्या वेळी म्हणाले, "नाही गं. ही मधली कडी बघ, मिटलेली नाही ती. तेवढी माझी. बाकी सगळा एका बाईंनी केला. त्यांनीच मला शिकवलं."

"अगंबाई!" ती म्हणाली. तिनं फटीवरून बोट फिरवलं. "कोण होत्या? नाव काय त्यांचं?"

नाव मला माहीत नाही. आई 'नाचणगाववाली' म्हणायची, मी 'बाई' म्हणायची, आणि वर्षभर त्यांच्या चटईवर बसून कधी विचारावंसं वाटलं नाही. फक्त एकदा, शाळेच्या त्या खोलीत, मोठ्या बाईंनी विचारलं होतं. बाईंनी सांगितलंही होतं, माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून. मी तेव्हा आपलं उत्तर मनाशी घोकत होते. ऐकलं नाही.